पंप ट्रेमध्ये गेला: अमळनेरच्या एका मुलीचं एअरपोर्टवरचं प्रकरण

मी जळगावला डायबेटिस एज्युकेटर आहे. म्हणजे डॉक्टर इन्सुलिन लिहून देतात आणि मग ते कुठे टोचायचं, मेच्या उन्हात कसं सांभाळायचं, शाळेतल्या बाईंना काय सांगायचं, लग्नात ताटात मांडे पडले तर इन्सुलिनचे किती युनिट (मापं) धरायचे, ही सगळी बाकीची भानगड माझ्याकडे येते. खालचं प्रकरण टाइप 1 डायबेटिस असलेल्या एका वीस वर्षांच्या मुलीचं आहे, अमळनेर तालुक्यातली, वडील कापूस-मका करणारे. तिची आणि घरच्यांची परवानगी घेऊनच लिहितेय. नाव टाकत नाही, एअरपोर्ट कुठलं तेही सांगत नाही, कारण हे कुठेही झालं असतं.

आधी तिच्या अंगावर काय काय असतं ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. नऊ वर्षांची असताना टाइप 1 निघाला. यात शरीरच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकतं, त्यामुळे गोळ्यांनी भागत नाही, बाहेरून इन्सुलिन द्यावंच लागतं, आयुष्यभर. दहा वर्षं सुया टोचून झाल्यावर मागच्या वर्षी घरच्यांनी पंप घेतला. काही लाखांची वस्तू, कापसाचे दोन हंगाम त्यातच गेले असं नाना म्हणजे तिचे वडील हसत हसत सांगतात पण ते हसणं मला माहितीये. पंप कमरेला, जुन्या पेजरएवढा, आत 300 युनिटची छोटी टाकी, तिथून एक बारीक नळी पोटाला चिकटवलेल्या प्लास्टरपर्यंत. दंडावर सेन्सर आणि त्याला जोडलेला ट्रान्समीटर, तो दर पाच मिनिटांनी शुगर पंपाला कळवतो आणि पंप त्याप्रमाणे इन्सुलिन कमीजास्त करतो.

यात एक गोष्ट बाहेरच्या माणसाला कधीच माहीत नसते, आणि सगळं प्रकरण तिथेच अडकतं. पंपात फक्त झटपट काम करणारं इन्सुलिन असतं. पेनवाला माणूस, म्हणजे पेनासारख्या इंजेक्शनने टोचून घेणारा, दिवसातून एकदा लांब पल्ल्याचं इन्सुलिन घेतो, ते चोवीस तास मागे उभं असतं. पंपवाल्याच्या अंगात तो साठा नसतोच. पंप काढला की पाऊण-एक तास निभतं, त्यापुढे शुगर चढायला लागते, आणि असंच काही तास गेलं तर रक्तात कीटोन, म्हणजे इन्सुलिन नसलं की शरीर चरबी जाळून तयार करतं ती आम्लं, वाढून थेट आयसीयूची पाळी येऊ शकते. म्हणून पंप हे अंगावर घातलेलं गॅजेट नाही, ते तिचं त्या दिवसाचं सगळं औषध आहे.

काय झालं

बेंगळुरूला नोकरीचं जॉइनिंग होतं. घरातली पहिलीच पोरगी जी विमानात बसणार, त्यामुळे सोडायला नाना पण सोबत. आईने डब्यात कळण्याच्या भाकरी आणि ठेचा दिला, वर दोन डझन केळी, एवढी केळी कोण खाणार हा प्रश्न खान्देशात विचारायचा नसतो. अमळनेरहून रात्रीच्या गाडीने मोठ्या शहरात आणि तिथून सकाळचं विमान.

सिक्युरिटीला बाया-पुरुषांच्या रांगा वेगळ्या. नाना पटकन पार झाले. मुलगी दारासारख्या मेटल डिटेक्टरमधून गेली, तो वाजला, मग पडद्यामागे लेडी कॉन्स्टेबलने हातातला डिटेक्टर फिरवला, तो कमरेपाशी परत वाजला. टॉप वर केला तर डबी, डबीला नळी, नळी पोटात. आता तुम्हीच त्या कॉन्स्टेबलच्या जागी उभ्या राहून बघा. रोज हजारो माणसं बघणारी बाई, पण असली वस्तू तिने बहुतेक पहिल्यांदाच बघितली होती.

तिने विचारलं, ये क्या है. मुलगी म्हणाली इन्सुलिन पंप. ठीक है, निकालो और ट्रे में डालो. मुलगी म्हणाली हे एक्स-रे मशीनमधून जात नाही, कंपनीने सांगितलंय. कॉन्स्टेबल म्हणाली सगळ्यांचे मोबाइल, लॅपटॉप, घड्याळं जातात, त्यांना काही होत नाही, तुझ्याच मशीनला काय होणारे. बोलणं तिचं चुकीचं वाटतच नाही ऐकताना, हीच तर अडचण आहे.

मग मुलीने फाइलमधून डॉक्टरांची चिठ्ठी काढली. पंप जिथे बसवला त्या मोठ्या हॉस्पिटलची, लेटरहेडवर, सही-शिक्का सगळं व्यवस्थित. चिठ्ठीत लिहिलेलं मी नंतर वाचलं, ते साधारण असं: सदर रुग्ण टाइप 1 डायबेटिस मेलिटसची ज्ञात केस असून सीएसआयआय व सीजीएमवर आहे, इन्सुलिन व संबंधित साहित्य सोबत बाळगणे वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक आहे, कृपया सहकार्य करावे.

एकही शब्द खोटा नाही. पण त्या चिठ्ठीत पंप हा शब्दच नाही. सीएसआयआय म्हणजे पंप आणि सीजीएम म्हणजे सेन्सर हे डॉक्टरला कळतं, मला कळतं, पडद्यामागे उभ्या असलेल्या बाईला कसं कळावं? एक्स-रे नको असं कुठे नाही, मग कसं तपासायचं तेही नाही. कॉन्स्टेबलने चिठ्ठी वाचली, वरच्या साहेबांना बोलावलं, त्यांनी पण वाचली, आणि म्हणाले इसमें तो सिर्फ दवाई साथ रखने का लिखा है, रख लो, कौन मना कर रहा है, लेकिन चेक तो होगा. बरोबरच बोलले ते. चिठ्ठीत तेवढंच होतं.

मागे रांग वाढलेली, कोणीतरी जोरात उसासे टाकतंय, पलीकडून नाना मान उंच करून ओरडतायत, काय व्हयनं वं, काबर रोकं? त्यांना परत आत येऊ देत नव्हते. आणि अशा वेळी वीस वर्षांची पोरगी, पहिल्यांदाच एअरपोर्टवर आलेली, ती किती वेळ नाही म्हणेल. तिने नळीचा सांधा फिरवून पंप सोडवला आणि ट्रेमध्ये ठेवला. पट्ट्यावरून पंप आत गेला, बाहेर आला. स्क्रीन चालू. तिने परत जोडला आणि गेटपाशी जाऊन मला फोन केला.

एक्स-रेचं एवढं काय

इथे बऱ्याच लोकांचा घोळ होतो म्हणून जरा थांबून लिहिते, कारण "मशीनमधून जाणं" या दोन शब्दांत एअरपोर्टवरची तीन वेगवेगळी यंत्रं आपण कोंबतो.

दारासारखी चौकट आणि हातातली काठी, ही दोन्ही मेटल डिटेक्टर. हलकं चुंबकीय क्षेत्र, बस. जवळपास सगळे पंप आणि सेन्सर यातून अंगावर ठेवून जाऊ शकतात. वाजतील, पण बिघडणार नाहीत. दुसरं, सामानाचं एक्स-रे मशीन, पट्टा असलेलं. आणि तिसरं, फुल बॉडी स्कॅनर, ज्यात हात वर करून उभं राहावं लागतं, अमेरिका-युरोपात हे सर्रास आहे. आपल्याकडे सिव्हिल एव्हिएशन सिक्युरिटीच्या ब्यूरोने 2019 मध्ये संवेदनशील एअरपोर्टांना बॉडी स्कॅनर बसवायला सांगितलं होतं, पण काम रखडत रखडत चाललंय आणि अजून बहुतेक ठिकाणी चौकट, काठी आणि हाताने तपासणी एवढंच असतं. त्यामुळे देशातल्या देशात आपला खरा प्रश्न त्या ट्रेचाच आहे.

बरं, सगळ्या कंपन्यांचे नियम एकच असते तर किती सोपं झालं असतं. मेडट्रॉनिक आपल्या पंपांबद्दल सांगते की मेटल डिटेक्टर चालेल, पण सामानाच्या एक्स-रेमध्ये घालू नका आणि बॉडी स्कॅनरमधून जायचं असेल तर पंप, सेन्सर, ट्रान्समीटर काढून ठेवा, नाहीतर हाताने तपासणी मागा. ॲबटच्या लिब्रे सेन्सरच्या जुन्या पुस्तिकांतही साधारण तेच होतं, मेटल डिटेक्टर चालतो, बॉडी स्कॅनर टाळा. उलट ऑम्निपॉड बनवणारी कंपनी सांगते आमचं एक्स-रेमधून गेलं तरी हरकत नाही. म्हणजे शेजारच्या काकूंच्या भाच्याचा सेन्सर आरामात गेला म्हणून तुमचा जाईल असं नाही. तुमच्या डब्यात जी पुस्तिका आलीये तीच बघायची, व्हॉट्सॲपवर आलेलं नाही.

एक्स-रेने पंप लगेच बंद पडतो का? बहुतेक वेळा नाही, आणि त्यामुळेच सगळे निवांत असतात. पण पंपाचं काम मोबाइलसारखं नाही. मोबाइल बिघडला तर हँग होतो, तुम्हाला दिसतं. पंपाची मोटर थेंबाचा अंशअंश मोजून ढकलते, तिथे थोडं जास्त गेलं तर शुगर पडून माणूस बेशुद्ध होऊ शकतो आणि कमी गेलं तर तासातासाने चढत जातं, आणि दोन्ही वेळेला स्क्रीनवर सगळं हिरवंच दिसू शकतं. कॉन्स्टेबलच्या प्रश्नाचं, सगळ्यांचे मोबाइल जातात त्याचं, उत्तर खरं तर एवढंच होतं. पण ते त्या क्षणी सुचावं कोणाला.

गेटपाशी काय ठरवलं

नानांनी फोन घेतला. ताई, मशीन आते चालई का नही? तेवढं सांगा.

हे मी ठरवणं बरोबर नव्हतं आणि ठरवलंही नाही. पंपाच्या पाठीवर कंपनीचा हेल्पलाइन नंबर असतो, तिथे फोन करायला सांगितलं आणि इकडे मी तिच्या डॉक्टरांना लावला. हेल्पलाइनने सेल्फ टेस्ट करायला लावली, ती पास झाली, तरी त्यांचं म्हणणं पडलं की स्क्रीन चालू आहे म्हणून भरवसा धरू नका, आमच्याकडे तपासून होईपर्यंत पेनवर जा. डॉक्टरही तेच म्हणाले.

पेनवर जा म्हणणं सोपं. तिच्या हँडबॅगेत झटपट इन्सुलिनचं पेन होतं, सुया होत्या, ग्लुकोमीटर होता. लांब पल्ल्याचं इन्सुलिन मात्र मोठ्या बॅगेत, आणि ती बॅग कधीच काउंटरवर देऊन झालेली. का, तर घरात कोणीतरी म्हणालं की एवढी औषधं हातात घेतली तर सिक्युरिटीवाले अडवतील. हा समज आपल्याकडे घरोघरी आहे आणि नेमका उलटा आहे. इन्सुलिन नेहमी हँडबॅगेतच. विमानाच्या पोटात काही वेळा इतकी थंडी असते की इन्सुलिन गोठू शकतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन परत पातळ झालं, दिसायला अगदी पाण्यासारखं स्वच्छ दिसलं, तरी ते गेलं. शिवाय बॅग हरवली तर? औषधांवर बंदी नसते. 100 मिलीची जी मर्यादा आंतरराष्ट्रीय विमानांत असते ती 2006 साली लंडनहून अमेरिकेला जाणारी विमानं पातळ स्फोटकांनी उडवायचा कट पकडला गेला त्यानंतर आली, आणि त्यातही औषधांना सूट आहे, फक्त काढून दाखवायची आणि सोबत चिठ्ठी ठेवायची.

असो. डॉक्टरांनी फोनवरच हिशोब करून दिला, पंप काढला, दर काही तासांनी बोट टोचून शुगर आणि त्याप्रमाणे झटपट पेनचा छोटा डोस. सेन्सरचे आकडे तिला पंपाच्या स्क्रीनवरच दिसायचे, त्यामुळे पंप बाजूला ठेवल्यावर सेन्सर दंडावर असून नसल्यासारखा. चढताना 142 असलेली शुगर बेंगळुरूला उतरेपर्यंत 268. कीटोनच्या पट्ट्या होत्या, कीटोन नव्हते, हे नशीब. एअरपोर्टवरून आधी मेडिकल गाठलं, लांब पल्ल्याचं नवीन पेन घेतलं, बॅगेतलं टाकून दिलं. नानांना ते टाकून देणं फार जड गेलं, पॅकिंग पण फोडलेलं नव्हतं. पण गोठलंय का नाही ते डोळ्याने सांगता येत नाही, आणि खराब इन्सुलिनवर रात्र काढण्यापेक्षा ते पैसे गेलेले बरे.

कंपनीने पंप तपासायला नेला आणि काही दिवसांनी बदलून दिला, त्यांचा कारभार ठीक होता. तोवर पोरगी नव्या नोकरीत, नव्या गावात, परत सुयांवर. पहिल्याच आठवड्यात ट्रेनिंगमध्ये उठून बाहेर जाऊन टोचून यायचं, बाजूचे विचारणार काय झालं. हे कुठल्या रिपोर्टमध्ये येत नाही.

मग चूक कोणाची

नानांचा राग सिक्युरिटीवर. तक्रार करायची, पेपरला द्यायचं, सगळं बोलून झालं. मला तो राग कळतो. 2021 मध्ये नृत्यांगना-अभिनेत्री सुधा चंद्रन यांनी व्हिडिओ टाकला होता ना, दर वेळी एअरपोर्टवर कृत्रिम पाय काढायला लावतात म्हणून, तेव्हा एअरपोर्टची सुरक्षा बघणाऱ्या सीआयएसएफने जाहीर माफी मागितली होती. एवढं नाव असलेल्या बाईंना ते भोगावं लागलं तर आपल्या पोरीचं कोण ऐकणार असं नाना म्हणाले, आणि त्यावर माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं. प्रशिक्षण वाढायलाच पाहिजे. पंप, सेन्सर, कृत्रिम पाय, पोटाला लावलेली पिशवी, हे सगळं ड्युटीवर येणाऱ्या प्रत्येकाला एकदा तरी फोटोत दाखवलेलं असावं, त्याला खर्च काय लागतो?

पण मला या प्रकरणात दुसरी गोष्ट जास्त टोचते, कारण ती आपल्या हातातली आहे. ती चिठ्ठी. ती लिहिणाऱ्याने डॉक्टरसाठी लिहिली, जसं एक डॉक्टर दुसऱ्याकडे पेशंट पाठवताना लिहितो. वाचणार होती पडद्यामागची कॉन्स्टेबल, तिच्याकडे अर्धा मिनिट, मागे पन्नास माणसं. तिला आजार कुठला याच्याशी घेणंदेणं नाही. तिला तीन गोष्टी कळायला हव्यात: वस्तू काय आहे, कुठल्या मशीनमध्ये घालायची नाही, आणि मग मी माझं काम कसं पूर्ण करू. तिसरी सगळ्यात महत्त्वाची, आणि तीच कोणी लिहीत नाही. सिक्युरिटीवाल्याला नुसतं "तपासू नका" सांगितलं तर तो ऐकणारच नाही, ऐकूही नये, उद्या काही झालं तर त्याची नोकरी जाते. त्याला "असं तपासा" सांगितलं तर तो मोकळा होतो.

आम्ही डॉक्टरांना बसवून नवी चिठ्ठी करून घेतली. हिंदी आणि इंग्रजी दोन्हीत, मोठ्या अक्षरात, अर्ध्या पानात मावेल एवढी, सोबत पंप आणि सेन्सर अंगावर कुठे आहेत त्याचा छापलेला फोटो. मराठीत सांगायचं तर मजकूर असा:

"या मुलीच्या कमरेला इन्सुलिनचा पंप आहे आणि दंडावर शुगर मोजणारा सेन्सर आहे. दोन्ही तिच्या जिवासाठी गरजेचे आहेत. मेटल डिटेक्टरमधून ती दोन्ही घालून जाऊ शकते, हातातला डिटेक्टरही चालेल, तो वाजेल. पंप, सेन्सर आणि सुटे सेन्सर सामानाच्या एक्स-रे मशीनमध्ये किंवा बॉडी स्कॅनरमध्ये घालू नयेत, बिघडू शकतात. तपासणीसाठी: तिला बाजूला घेऊन हाताने तपासावे, पंप ती स्वतः हातात धरून दाखवेल, त्यानंतर तिच्या हातांचा आणि पंपाचा स्वॅब घ्यावा. शंका असल्यास खालील नंबरवर डॉक्टरांशी बोलावे."

स्वॅब म्हणजे ती कापडाची चकती फिरवून मशीनमध्ये घालतात ना, स्फोटकांचे कण शोधायला, तेच. अमेरिकेत पंपवाल्या प्रवाशांना बहुतेक वेळा असंच तपासतात, स्वतःच पंपाला हात लावायचा आणि मग हात तपासून घ्यायचे. आपल्याकडेही ते मशीन बऱ्याच एअरपोर्टवर असतं, फक्त वापरा म्हणून सुचवावं लागतं. एक बारीक गोष्ट, त्या सकाळी हाताला ग्लिसरीनवालं क्रीम लावू नका. ग्लिसरीनने ते मशीन कधीकधी उगाच वाजतं आणि मग परत सगळी वरात.

आणि चिठ्ठी कधी काढायची तेही आम्ही ठरवलं. आधी काठी वाजली, प्रश्न झाला, "ट्रे में डालो" झालं आणि मग चिठ्ठी, असं केलं की समोरच्याला वाटतं ही पळवाट काढतेय, कारण हुकूम एकदा तोंडातून गेला की तो मागे घेणं कोणालाही अवघड जातं. चौकटीच्या आधीच, ट्रे उचलायच्या आधीच, चिठ्ठी हातात द्यायची आणि म्हणायचं मॅडम, मेरे शरीर पर मेडिकल डिव्हाइस है, हाथ से चेक कीजिए. रांगेत घाई नको म्हणून अर्धा तास आधी पोचायचं. सोबतच्या माणसाने पुढे निघून जायचं नाही, आपलं माणूस पार होईपर्यंत अलीकडेच थांबायचं. नानांना हे तीनदा सांगितलं.

दिवाळीला पोरगी घरी आली, त्याच चिठ्ठीवर. काठी वाजली, स्वॅब घेतला, विषय संपला. एका ऑफिसरने चिठ्ठीचा फोटो काढून ठेवला, आमच्या ग्रुपला दाखवतो म्हणून. नाना मला फोनवर ही गोष्ट सांगताना एवढे खूश, जणू कापसाला भाव आला.

हे नुसतं पंपवाल्यांचं नाही

आता जळगावहून विमानं उडायला लागलीत, एटीआरचं छोटं विमान का असेना, आणि पूर्वी जी माणसं कधी एअरपोर्टचं तोंड बघत नव्हती ती जातायत. त्यात डायबेटिसवाले आले, पेसमेकरवाले आले. आमच्याकडे येणाऱ्या एका आबांनी मुलाकडे जायचं टाळलं होतं, का तर चौकटीतून गेलं की पेसमेकर बंद पडतो असं पारावर कोणीतरी सांगितलेलं. चौकटीतून नेहमीच्या चालीने सरळ निघून गेलं तर पेसमेकरला काही होत नाही, तिथे टेकून उभं राहू नये एवढंच. हातातली काठी छातीवर धरून ठेवू देऊ नका, फिरवून लगेच बाजूला घ्यायला सांगा, आणि पेसमेकर बसवताना मिळालेलं कार्ड खिशात ठेवा. आबा आता दोनदा जाऊन आले, विमानातला चहा मात्र त्यांना पाणचट वाटला.

पंपवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट आहे जी सिक्युरिटीची नाही पण त्याच दिवशी उपयोगी पडते. विमान वर चढताना केबिनमधला दाब कमी होतो, त्याने पंपाच्या टाकीतल्या इन्सुलिनमध्ये बुडबुडे तयार होतात आणि थोडं जास्तीचं इन्सुलिन नळीतून ढकललं जाऊ शकतं. ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी 2011 मध्ये हे मोजून दाखवलं होतं, टाकी पूर्ण भरलेली असेल तर एक युनिटच्या थोडं वर. मोठ्या माणसाला ते पचतं, लहान पोराची शुगर त्याने पडू शकते. म्हणून टाकी काठोकाठ भरून विमानात बसू नये, आणि उड्डाणाच्या वेळी पंप सोडवायचा का ते आपल्या डॉक्टरांना आधी विचारून ठेवावं.

आणि आपल्या भागाचं म्हणून अजून एक. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा 45 च्या आसपास जातो, आणि एअरपोर्टपर्यंतचा प्रवास एसटी नाहीतर जीपने. वापरात असलेलं इन्सुलिन 30 डिग्रीपर्यंतच्या गारव्यात साधारण महिनाभर टिकतं, पण उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर तासाभरात त्याची वाट लागू शकते. पाण्यात भिजवून वापरायची गार पिशवी मिळते, आपल्या माठाचंच तत्त्व, ती घ्या. बर्फाच्या खड्याला मात्र इन्सुलिन चिकटवून ठेवू नका, ते गोठलेलं पण वायाच.

प्रकरण अजून पूर्ण मिटलेलं नाही, कारण पुढच्या वर्षी कंपनी तिला काही महिन्यांसाठी जर्मनीला पाठवतेय. तिकडे बॉडी स्कॅनर नक्की लागणार. हाताने तपासणी मागता येते, ती ते मागणारच आहे, चिठ्ठीची इंग्रजी बाजू आम्ही परत नीट करतोय आणि जर्मनमध्येही एक करून घेणार आहोत. पण समजा तिथल्या माणसाने ऐकलंच नाही, तर पंप काढून हातात देता येईल, दंडावरचा सेन्सर एकदा काढला की परत लावता येत नाही, तो गेला, आणि एकेक सेन्सर काही हजारांचा. यावर उपाय पोरीनेच काढला. तिचा सेन्सर सात दिवसांचा असतो, तर तो असा लावायचा की सातवा दिवस नेमका प्रवासाचा येईल. काढावा लागलाच तर संपत आलेला सेन्सर जाईल, आणि पलीकडे पोचल्यावर नवा लावायचाच होता. नवा लावल्यावर तो सुरू व्हायला वेळ घेतो, तोवर बोट टोचून बघायचं, त्यासाठी पट्ट्यांची डबी हँडबॅगेत, आणि या वेळी लांब पल्ल्याच्या इन्सुलिनची दोन्ही पेनं पण तिथेच.